नवी पाटी घेतांना

मूल पहिल्यानें शाळेंत येतें तेव्हां त्याच्या हातीं पाटी देण्याची आपली जुनी चाल आहे. ही पाटी पूर्वीं दगडाची असे, पुढें पत्र्याची झाली. आणि चित्रकलेची आवड असलेलीं आमचीं मुलें हल्लीं जी पाटी मागूं लागलीं आहेत ती विजेची आहे. बाजारांत तिला टॅब्लेट म्हणतात. तिच्यावर लेखणी फिरविली म्हणजे पडद्यावर रेघ उमटते, रंग भरतां येतो, चुकलेलें पुसतां येतें, आणि कागदाचा एक कपटाहि खर्च होत नाहीं. 'अशी पाटी कोणती घ्यावी, व केवढ्याची घ्यावी?' हा प्रश्न पालक ड्रॉइंगच्या शिक्षकांना तर विचारतातच, परंतु वर्गशिक्षक या नात्यानें तो आमच्याहि वांट्यास वरचेवर येतो. वरवर पाहतां हा प्रश्न दुकानदारानें सोडवावयाचा आहे. तथापि ज्या घरांत महिन्याची मिळकत मोजून येते व मोजूनच जाते, त्या घरांत तो सबंध संसाराचा प्रश्न होऊन बसतो. आणि म्हणून वार्षिकांकाचीं चार पानें त्यास दिलीं तर तें अस्थानीं होणार नाहीं अशी आशा आहे.

आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. ज्याच्या खर्चास मर्यादा आहे अशा विद्यार्थ्यानें पहिली पाटी बिनपडद्याची, लहान, व रोख पैशांत येणारी घ्यावी. तीहि पेन्सिलीची एक जाड वही भरून झाल्यावर घ्यावी. आणि हप्त्याच्या कर्जावर तर कोणतीच घेऊं नये. हें मत कांहीं तरुण मित्रांस रुचणार नाहीं हें आम्ही जाणून आहों. त्यांनीं शेवटपर्यंत वाचावें, व मग आमच्याशीं खुशाल वाद घालावा.

प्रथम वडील मंडळींच्या एका आक्षेपाचा परामर्श घेतला पाहिजे. यंत्रावर काढलेलें चित्र हें चित्रच नव्हे, ती एक प्रकारची लबाडी होय, असें पुष्कळ सज्जन म्हणतात. इतर कोणत्याहि गांवीं हा आक्षेप शोभला असता, कोल्हापुरांत तो शोभत नाहीं. ज्या बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांचें नांव येथील प्रत्येक चित्रकार अभिमानानें घेतो, त्यांनीं आपले आप्त व सहकारी आनंदराव यांच्यासह नाटकांचे पडदे रंगविले, आणि त्याच हातांनीं चित्रपटाच्या यंत्राचा ध्यास घेतला. परदेशांतून कॅमेरा आणविणें दुरापास्त असलेल्या त्या काळांत या दोघांनीं तो आपल्याच हातांनीं घडविण्याचें मनांत आणलें. १९१६ सालीं आनंदराव निवर्तले. परंतु बाबूरावांनीं दामल्यांसारख्या शिष्यांच्या साहाय्यानें तें काम तडीस नेलें, व १९१८ च्या सुमारास कोल्हापुरांत घडविलेला कॅमेरा चालूं लागला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० सालीं लोकांनीं पाहिला. खरी कॉर्नरवरील कॅमेरास्तंभ आम्हांस त्याच उद्योगाची आठवण देतो. कुंचला धरणाऱ्या हातानें यंत्रास हात लावला म्हणून बाबूरावांची कला बाटली असें आजवर कोणी म्हटलेलें नाहीं. मग मुलांच्या हातांतील पाटीनें ती कशी बाटावी?

परंतु बाबूरावांच्या चरित्रांतून दुसरा एक धडा निघतो, आणि तो तरुणांसाठीं आहे. कॅमेरा हातीं येण्यापूर्वींच त्यांच्या हातांत रेषा होती. यंत्रानें त्यांस चित्रकार केलें नाहीं. चित्रकारानें यंत्र आपलेंसें केलें. आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्यें शिकून आले, शाहू छत्रपतींच्या पदरीं दरबारी चित्रकार राहिले, व १९३१ सालीं वारले. त्यांनीं रंगविलेले रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा कांठ हे विषय आजहि कोणत्याहि विद्यार्थ्यास फुकट पाहतां येतात. नामांकित नट चंद्रकांत मांडरे यांनीं पावडर शेडिंगच्या, म्हणजे केवळ भुकटीच्या साहाय्यानें, जीं चित्रें काढलीं तीं राजारामपुरींतील त्यांच्या संग्रहालयांत आहेत. मुलांनीं एकदां तेथें जाऊन, साधन किती थोडें असूं शकतें हें डोळ्यांनीं पाहावें.

तेव्हां पाटी घेणें हें पाप नव्हे, आणि न घेणें हें पुण्यहि नव्हे. उलट, आज ती हाताळतां येणें उपयोगाचें आहे. पुस्तकांचीं मुखपृष्ठें, जाहिराती, खेळांतील व व्यंगचित्रपटांतील पात्रें, वस्त्रांवरील नक्षी हीं सर्व कामें हल्लीं बहुतांशीं संगणकावर होतात. इचलकरंजीचें कापड, हुपरीचे चांदीचे दागिने, आणि २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेली कोल्हापुरी चप्पल, यांपैकीं प्रत्येकास नव्या नक्षीची व चांगल्या वेष्टनाची गरज आहे. आमच्या जिल्ह्यांतील मुलास हें काम घरबसल्या करतां आलें तर तें इष्टच होय. मात्र याच बाजारांत आतां दुसरीहि एक गोष्ट घडत आहे. चार शब्द सांगितले कीं यंत्रच चित्र तयार करून देतें, अशी कृत्रिम बुद्धीची साधनें निघालीं आहेत, आणि त्यामुळें साधारण प्रतीच्या कामाचा मोबदला उद्यां काय राहील हें निश्चित नाहीं. अशा वेळीं उद्यांच्या कमाईच्या भरंवशावर आज मोठें कर्ज काढणें दुप्पट अविचाराचें होय.

आतां वस्तूकडे वळूं. लेखणी व पाटी वापरून संगणकाशीं बोलण्याची कल्पना नवी नाहीं. १९६४ सालीं अमेरिकेंतील रँड या संस्थेनें असा फलक तयार केला होता. त्याची किंमत त्या काळीं सामान्य माणसाच्या कल्पनेपलीकडची होती. १९८३ सालीं जपानांत वॅकॉम ही कंपनी निघाली, व तिनें पुढल्याच वर्षीं बिनतारी लेखणीची पाटी बाजारांत आणली. या लेखणींतील युक्ति विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं समजून घेण्यासारखी आहे. पाटीच्या पृष्ठभागाखालीं तारांचें जाळें असतें, व त्यांतून क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण होतें. लेखणीच्या पोटांत तारेचें एक वेटोळें असतें. तें त्या क्षेत्रांतूनच ऊर्जा घेतें, व अनुनादानें प्रतिसाद परत पाठवितें. कोणत्या तारेजवळ प्रतिसाद प्रबळ आहे त्यावरून लेखणीची जागा कळते, आणि टोंकावरील दाबानें त्याच्या कंपनसंख्येंत जो फरक पडतो त्यावरून रेघ बारीक काढावयाची कीं जाड तें कळतें. म्हणूनच अशा लेखणीस विजेचा घट लागत नाहीं. पाटी घेतांना लेखणी बिनघटाची आहे ना, हें पहिल्यानें विचारावें.

बाजारांत या पाट्यांच्या तीन जाती आहेत.

पहिली बिनपडद्याची पाटी. ही काळ्या फळीसारखी दिसते. हात फळीवर चालतो व चित्र समोरच्या संगणकाच्या पडद्यावर उमटतें. हिला संगणक, अथवा कांहीं प्रकारांत अँड्रॉइड फोन, जोडावा लागतो. वॅकॉम, ह्यूऑन, एक्सपी-पेन या कंपन्यांच्या लहान पाट्या हा लेख लिहितेवेळीं साधारणतः तीन ते पांच हजार रुपयांच्या आंत-बाहेर मिळतात.

दुसरी पडद्याची पाटी. हिच्यावर चित्र लेखणीच्या टोंकाखालींच दिसतें; परंतु हीहि बहुधा संगणकावांचून पांगळीच असते. हिचा आरंभ वीस हजारांच्या आसपास होतो, व पुढें मर्यादा नाहीं.

तिसरी जात स्वयंपूर्ण टॅब्लेटांची. आयपॅड, किंवा सॅमसंगच्या ज्या टॅब्लेटांबरोबर एस-पेन नांवाची लेखणी येते ते, या वर्गांत पडतात. यांना दुसरें कांहीं जोडावें लागत नाहीं. सॅमसंगच्या या वर्गांतील कमी किमतीच्या टॅब्लेटास पंचवीस हजारांच्या आगेमागे, व साध्या आयपॅडास लेखणीसुद्धां चाळीस हजारांच्या घरांत पैसे पडतात. हे आंकडे महिन्यामहिन्यास हलतात. तेव्हां ते केवळ तुलनेसाठीं दिले आहेत असें समजावें.

ज्याच्या घरीं अथवा शेजारीं जुनापुराणा कां होईना, पण संगणक आहे, त्यानें पहिल्या जातीची पाटी घ्यावी असें आम्ही म्हणतों, व त्याचीं कारणें अशीं. तिच्यांत पडदा नाहीं, म्हणून फुटण्यासारखें थोडें आहे. बहुतेकींत विजेचा सांठा नाहीं, म्हणून तीन वर्षांनीं तो क्षीण झाला असें होत नाहीं. संगणक बदलला तरी पाटी तीच चालते. आणि मुख्य म्हणजे, सहा महिन्यांनीं आपल्याला ही कला झेपत नाहीं असें मुलास आढळून आलें, तर नुकसान चार हजारांचें होतें, चाळीस हजारांचें होत नाहीं.

दुकानांत जातांना पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. डब्यावर 'दाबाच्या ८१९२ पायऱ्या' असें ठळक अक्षरांत छापलेलें असतें, आणि मुलें त्या आंकड्यावर भाळतात. वॅकॉमच्या 'वन' या साध्या पाटीस २०४८ पायऱ्या आहेत, व शिकणाऱ्याच्या हातास त्या पुरून उरतात. दोन हजार व आठ हजार यांतील भेद बोटांस कळत नाहीं. कळतें तें हें कीं, लेखणी अगदीं हलकेंच टेंकली असतां रेघ उमटते कीं टोंक दाबून धरावें लागतें. शक्य असेल तर दुकानांतच एक रेघ अलगद काढून पाहावी: आरंभीं केंसासारखी, मध्यें जाड, व शेवटीं पुन्हां केंसासारखी. ती सरळ व न तुटतां आली तर लेखणी चांगली समजावी.

दुसरी गोष्ट आकाराची. वॅकॉमच्या लहान पाटीचें कामाचें क्षेत्र १५२ मिलिमीटर लांब व ९५ मिलिमीटर रुंद आहे. मध्यम पाटीचें २१६ व १३५. ज्याचा संगणक मांडीवर घेण्याजोगा आहे त्यास लहान पाटी पुरते. मनगट व बोटें यांनीं चित्र काढणाऱ्यासहि ती पुरते. ज्यास कोंपरापासून हात फिरविण्याची संवय आहे, किंवा ज्याचा पडदा मोठा आहे, त्यानें मध्यम पाटी पाहावी. मात्र पाटीच्या लांबीरुंदीचें प्रमाण पडद्याच्या प्रमाणाशीं जुळवून घ्यावें. नाहींतर हातानें काढलेलें वर्तुळ पडद्यावर अंड्यासारखें दिसतें, आणि मुलगा बिचारा आपल्याच हातास दोष देत बसतो. ही जुळवणी पाटीबरोबर येणाऱ्या प्रणालींत करतां येते.

तिसरी गोष्ट, जोडणीची. आपल्या संगणकांत जी प्रणाली आहे तिच्याशीं ही पाटी चालते काय, हें कंपनीच्या माहितींतून आधीं पाहावें. फोनला जोडावयाची असेल तर आपल्या फोनाचें नांव सांगून खात्री करून घ्यावी. आयफोनाशीं या पाट्या बहुधा जुळत नाहींत. शिवाय, फोन उभा धरला असतां अनेक पाट्यांचा एक लहानसा भागच चालतो, हें लक्षांत असावें. चौथी गोष्ट, लेखणीच्या टोंकांची. हीं टोंकें कागदावरील शिसाप्रमाणें झिजतात. जास्तीचीं टोंकें डब्यांत किती आहेत, व पुढें वेगळीं मिळतात काय, हें विचारावें. डावखुऱ्या मुलानें बटणांची बाजू उलटी करतां येते काय तेंहि पाहून घ्यावें.

कांहीं फसवणुकी स्वस्ताईच्या वेषांत येतात. 'लेखणी मोफत' अशा जाहिरातीचे हलक्या किमतीचे टॅब्लेट पुष्कळ आहेत. त्या लेखणीचें टोंक बहुधा रबराचें किंवा चकतीचें असतें, व तें बोटाचेंच काम करतें. त्यास दाब कळत नाहीं. अशा टॅब्लेटावर पाढे वाचतां येतील, चित्रकला शिकतां येणार नाहीं. नामांकित वस्तूंतहि सावध राहावें लागतें. ॲपल कंपनीनें २०२३ सालीं यूएसबी-सी जोडणीची जी स्वस्त पेन्सिल काढली, तिलाहि दाब कळत नाहीं. नांव मोठें आहे म्हणून ती घेतली, तर चित्रकारास जें हवें तेंच नेमकें हातीं येत नाहीं.

आतां पैशाविषयीं थोडें स्पष्ट बोलणें भाग आहे. मागें एकदां एका विद्यार्थ्याची आई शाळा सुटल्यावर आम्हांस भेटावयास आली. नवरा शिरोलीच्या कारखान्यांत कामास, ती स्वतः चार घरचें शिवणकाम करते. पदराच्या गांठींतून तिनें एक छापील पत्रक काढलें. त्यावर आयपॅडाचें चित्र होतें व खालीं हप्त्याचा आंकडा होता. ती म्हणाली, "सर, पोरगं म्हणतंय ह्येच पायजे, न्हाईतर शिकायचं कसं? माझ्या कानातली फुलं ठेवली तर पयला हप्ता निघतोय. ठेवू का?" त्या माउलीस काय उत्तर द्यावें? मुलगा आळशी नव्हता, उधळ्याहि नव्हता. त्यानें फोनवर मोठमोठ्या चित्रकारांस त्या यंत्रावर चित्रें काढतांना पाहिलें होतें, आणि यंत्र तें असेल तर आपलीहि चित्रें तशींच होतील अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली होती. आम्ही त्यास बोलावून त्याची ड्रॉइंगची वही पाहिली. पहिलीं बारा पानें भरलेलीं होतीं, पुढचीं कोरीं होतीं. 'ही वही भर, मग आपण तिघें बसून ठरवूं,' एवढेंच आम्ही सांगितलें. वही भरावयास त्यास चार महिने लागले. नंतर त्यानें जी पाटी घेतली ती त्याच्या मामानें दिवाळीस दिलेल्या पैशांत आली, व फुलें कानांतच राहिलीं.

हप्त्यांचें गणित मुलांनींच मांडून पाहावें. छत्तीस हजारांची वस्तु बारा हप्त्यांत घेतली तर महिना तीन हजार रुपये पडतात. म्हणजे दर महिन्यास जवळजवळ एक लहान पाटी आपण दुकानदारास देतों. 'बिनव्याजी हप्ते' या शब्दानें कोणी भुलूं नये. २०१३ च्या सप्टेंबर महिन्यांत खुद्द रिझर्व्ह बँकेनें बँकांस बजाविलें कीं, शून्य व्याज अशी गोष्ट वस्तुतः नसते, आणि व्याज हें प्रक्रिया-शुल्काच्या पडद्याआडून ग्राहकाच्या माथीं बसतें. रोख घेणाऱ्यास जी सूट मिळाली असती ती हप्तेवाल्यास बहुधा मिळत नाहीं, हेंहि एक प्रकारचें व्याजच होय. आणि एक हप्ता चुकला तर दंड वेगळा. आजारपण, शाळेचें शुल्क, पावसाळ्यांत गळणारें छप्पर यांना हप्त्यासारखी तारीख नसते; म्हणून हप्त्याला तारीख लावून घेतांना गरिबानें दहादां विचार करावा.

पाटी आली तरी चित्रें काढण्याची प्रणाली निराळी लागते, आणि येथें एक आनंदाची वार्ता सांगतां येते. 'क्रिटा' नांवाची उत्तम प्रणाली जगांतील अनेक स्वयंसेवक व कांहीं वेतनी कारागीर मिळून तयार करतात. ती कोणासहि विनामूल्य व कायदेशीर रीतीनें वापरतां येते. ती खास चित्रकारांसाठींच रचलेली आहे. रेखीव आकृति व अक्षरें यांसाठीं 'इंकस्केप' हीहि विनामूल्य आहे. 'फोटोशॉप' हें मासिक वर्गणीवर मिळतें. 'प्रोक्रिएट' एकदांच किंमत देऊन घेतां येतें, पण तें आयपॅडावांचून चालत नाहीं. चोरून उतरविलेली प्रत मित्राकडून घेण्याची जी वाईट चाल पडली आहे तिचा मोह मुलांनीं धरूं नये. जो उद्यां आपल्या चित्राचा मोबदला मागणार आहे, त्यानें आज दुसऱ्याच्या श्रमाचा मोबदला बुडविणें कोणत्या तोंडानें करावें? आणि चांगली वस्तु फुकट मिळत असतां चोरी करणें हें तर निव्वळ अडाणीपणाचें होय.

आमच्या मताविरुद्ध दोन गोष्टी सांगतां येतील, आणि त्या पोकळ नाहींत. पहिली ही कीं, बिनपडद्याच्या पाटीवर डोळा एकीकडे व हात दुसरीकडे असतो, त्यामुळें आरंभीं रेघ वांकडीतिकडी येते. हें खरें आहे. परंतु तबलजी बोटांकडे पाहत नाहीं, पेटी वाजविणारा पट्ट्यांकडे टक लावून बसत नाहीं. संवयीनें हात आपली वाट ओळखतो. रोज अर्धा तास रेघा, वर्तुळें व मुळाक्षरें गिरविलीं तर बहुतेकांस कांहीं आठवड्यांत ही अडचण जाणवेनाशी होते; शिवाय मान वर राहते, तो निराळाच लाभ. दुसरी गोष्ट ही कीं, ज्या घरांत संगणकच नाहीं त्यास बिनपडद्याची पाटी घेऊन काय उपयोग? तेथें फोनला जोडून भागत असेल तर भागवावें. तें होत नसेल, आणि कर्ज न काढतां पंचवीस हजार जमत असतील, तर एस-पेनसारख्या दाब कळणाऱ्या लेखणीचा टॅब्लेट घेण्यास आमची हरकत नाहीं. कारण त्यावर भावंडांचा अभ्यासहि होईल. आमचा विरोध महागाईस नाहीं; ऐपतीबाहेरच्या घाईस आहे.

या संबंधांत आणखी एक गोष्ट मनास टोंचते. ज्या घरांत एकच साधन येतें, तेथें तें मुलाच्या हातीं पडतें. मुलीनें कागदावर रांगोळीच्या आकृत्या काढून समाधान मानावें असें गृहीत धरलें जातें. आमच्या अनुभवांत नक्षी, रंगसंगति व चिकाटी यांत मुली कोठेंहि मागें नाहींत. पाटी घरांत आली तर तिचे तास दोघांत वांटून द्यावे, व ही वांटणी आईबापांनीं करावी, भावानें नव्हे.

आणि ज्यांच्या घरीं चार हजारहि निघत नाहींत त्यांचें काय? त्यांच्यासाठीं शाळांनीं पुढें आलें पाहिजे. एका आयपॅडाच्या किमतींत आठ-दहा लहान पाट्या येतात. शाळांच्या संगणक-वर्गांत यंत्रें असतातच. त्यांतील कांहींस या पाट्या जोडल्या, क्रिटा घातली, आणि शनिवारीं दुपारीं दोन तास ड्रॉइंगच्या वर्गास खोली दिली, तर फार मोठा खर्च न होतां एक कलाशाळाच उभी राहील. माजी विद्यार्थी दरवर्षीं शाळेस ढाली व करंडक देतात. त्यांच्याविषयीं आदर बाळगूनच आमची विनंति आहे कीं, कपाटांत चमकणाऱ्या करंडकाऐवजीं त्यांनीं दोन पाट्या द्याव्या. करंडकावर एका मुलाचें नांव कोरलें जातें. पाटीवर वर्षांतून पन्नास मुलांचे हात फिरतील.

पेन्सिलीच्या वहीचा आग्रह आम्ही धरतों त्यास व्यावहारिक कारणहि आहे. महाराष्ट्रांतील एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा कागदावरच द्याव्या लागतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन यांत चुकलेलें परत घेण्याचें बटण नसतें. ज्या मुलास पाटीवर शंभर वेळां पुसण्याची संवय लागली, त्याचा हात कागदासमोर कांपतो. जो आधीं कागदावर पाहावयास शिकला, त्यास पाटी ही एक नवी सोय होते.

तेव्हां विद्यार्थी मित्रहो, क्रम असा धरा. एक शंभर पानी वही घ्या. रंकाळ्यावर जा, भवानी मंडपांत बसा, लक्ष्मीपुरीच्या बाजारांत भाजीवालीच्या पाटीपाशीं उभे राहा, आणि जें दिसेल तें काढा. वही भरली कीं ती घरांत वडिलांपुढें व शाळेंत शिक्षकांपुढें ठेवा. ती वही हेंच तुमचें मागणीपत्र होय. तिच्यापेक्षां बळकट शिफारस कोणतीहि नाहीं. मग साठविलेल्या पैशांत बसेल ती लहान पाटी घ्या, व ती इतकी वापरा कीं लेखणीचीं टोंकें झिजून जावीं. जेव्हां तुमचें काम त्या पाटींत मावेनासें होईल, आणि त्या कामाचे चार पैसे तुमच्या हातीं येऊं लागतील, तेव्हां मोठी पाटी तुम्ही स्वतःच्या कमाईनें घ्याल, आणि कोणती घ्यावी हें कोणास विचारण्याची गरज तुम्हांस उरणार नाहीं.